आरमाराचे दोर आणि करवीरचा खजिना

कोल्हापूरचा माणूस समुद्र बघायला घाट उतरतो. गगनबावड्याहून करूळचा किंवा भुईबावड्याचा घाट, नाहीतर राधानगरीवरून फोंडा. दोन दिवस मालवणात राहतो, सिंधुदुर्ग बघतो, मासे खातो आणि परत येतो. हा समुद्र एकेकाळी आपला होता, हे त्याच्या मनातही येत नाही. पण अठराव्या शतकाचा बहुतेक काळ आणि पुढे 1812 पर्यंत मालवणचं बंदर करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, छत्रपतींकडे होतं. मध्ये थोडा काळ ते हातचं गेलं आणि परत आलं, तेवढंच. सिंधुदुर्गाच्या आडोशाला उभी राहणारी गलबतं करवीरच्या गादीची होती आणि त्यांचा खर्च करवीरच्या दरबाराला चुकत नव्हता.

लक्ष्मीपुरीत आमचं दोरखंडाचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. इतिहास मी वाचला तो गिऱ्हाईक नसताना गल्ल्यावर बसून. त्यामुळे बखर असो, तह असो, माझी नजर आधी दोराकडे जाते. किल्ला दगडाचा, तो टिकतो. तोफ टिकते. सागवानी गलबत नीट ठेवलं तर माणसाच्या एका पिढीला पुरतं. दोर मात्र एकदोन हंगामांत झिजतो, बदलावा लागतो, आणि काढलेला दोर कुणी जपून ठेवत नाही. म्हणून किल्ल्यांवर पुस्तकं झाली, तोफांवर झाली, दोराचं नाव कुणी घेतलं नाही. माझं मत विचाराल तर करवीरचा समुद्र गेला त्याची सुरुवात याच खर्चापासून होते.

हे मत माझ्या पदरचं नाही. त्याचं मूळ करवीरच्या दरबारातच लिहून ठेवलेलं आहे. 1716 साली रामचंद्रपंत अमात्यांनी करवीरचे छत्रपती, राजसबाईंचे चिरंजीव संभाजी महाराज यांच्या नावानं आज्ञापत्र लिहिलं. अमात्य म्हणजे बावड्याचे जहागीरदार, शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत बसलेले, आयुष्यभर राज्याचा जमाखर्च पाहिलेले. त्या आज्ञापत्रात आरमारावर वेगळं प्रकरण आहे. त्यातला एक भाग सगळ्यांना ठाऊक असतो: गलबतांसाठी सागवान तोडा, पण रयतेची आंब्याफणसाची झाडं तोडू नका, ती माणसांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात, अगदी लागलीच तर धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्या. शाळांतून हा उतारा वाचला जातो आणि तो वाचण्याजोगाच आहे. पण त्याच प्रकरणात पैशाविषयी जे सांगितलंय, तिकडे फारसं कुणी वळत नाही. अमात्य सांगतात की आरमाराचा खर्च मुलखाच्या बांधील उत्पन्नातून नेमून द्या; बंदरावर जे काही येईल त्यावर आरमार सोडू नका. तसं सोडलं तर आरमारवाले सावकारांना, म्हणजे समुद्रावरच्या व्यापाऱ्यांना, त्रास देतील आणि बंदरं बसतील.

हे वाचलं आणि मी थांबलो. कारण गलबताला असा दरसालचा, कधी न चुकणारा खर्च कशाचा लागतो? लाकूड एकदा लागतं. तोफा एकदा लागतात. माणसांचा पगार आणि दोर, हे दोन खर्च दरवर्षी दारात उभे असतात.

गलबतावर दोर किती आणि कसा झिजतो, हे समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. रॉबर्ट ओर्म या इंग्रज इतिहासकारानं मराठी जहाजांचं जे वर्णन केलं आहे त्यात गलबत म्हणजे सत्तर टनांच्या आतली मोठी वल्ह्यांची नाव, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. त्याला दोन डोलकाठ्या, मागची बारीक. पुढच्या मोठ्या डोलकाठीवर एकच प्रचंड तिकोनी शीड आणि त्या शिडाचं टोक काठीच्याही बरंच वर गेलेलं. गुराब याहून मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, दीडशे टनांपासून तीनशे टनांपर्यंत. आता ते तिकोनी शीड डोळ्यांसमोर आणा. ते एका लांबलचक तिरप्या काठीला बांधलेलं असतं. ती काठी शिडासकट वर चढवायची आणि वरच धरून ठेवायची ती एका जाड दोरावर. हा दोर डोलकाठीच्या डोक्यातल्या चाकावरून जातो. सगळं वजन तिथं, त्या हातभर तुकड्यावर. समुद्राच्या प्रत्येक लाटेबरोबर काठी हिंदकळते आणि तो तुकडा चाकावर घासला जातो. इतर सगळा दोर नवा दिसत असतो आणि तेवढाच हातभर भाग मेलेला असतो.

दुसरा दोर दामणीचा, शिडाचं मोकळं टोक ओढून धरणारा. वारा आला की सगळा ताण त्याच्यावर. तो ओल्या हातांनी सोडायचा, आवळायचा, लाकडी खुंट्याला वेढे देऊन अडकवायचा. त्याची झीज टोकाकडे होते, खुंट्यापाशी.

तिसरे डोलकाठीला बाजूनं ताणून धरणारे. युरोपी जहाजावर हे दोर दोन्ही बाजूंना कायमचे आवळलेले असतात. आपल्याकडच्या तिकोनी शिडाच्या जहाजावर तसं जमत नाही, कारण शीड दुसऱ्या अंगाला घ्यायचं तर वाऱ्याआडच्या बाजूचे दोर सैल करून वाऱ्याच्या बाजूला आवळावे लागतात. म्हणजे जो दोर त्यांच्याकडे वर्षभर जागचा हलत नाही तो आपल्याकडे दिवसातून कितीदा तरी सुटतो आणि बांधला जातो. आपली जहाजं किनाऱ्यालगत चपळ होती याचं कौतुक आपण करतो. त्या चपळाईची किंमत दोर मोजत होता.

आणि दोर कशाचा? कोकणात नारळ आहे, म्हणून काथ्याचा. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात काही महिने पुरून कुजवायची, मग धोपटून तंतू सोडवायचे, त्याचं सुंभ वळायचं, सुंभाचे पदर आणि पदरांचा दोर. पदराला पीळ एका दिशेचा आणि दोराला उलट्या दिशेचा. दोन्ही पीळ एकमेकांना सुटू देत नाहीत, यातच दोराचा सगळा प्राण आहे. काथ्या ताग-अंबाडीच्या मानानं कमी ताकदीचा, पण तो ताणला जातो, हिसका सोसतो, पाण्यावर तरंगतो आणि खाऱ्या पाण्याला घाबरत नाही. त्याचा वैरी गोडं पाणी. समुद्रात महिनोन्महिने भिजलेला काथ्या चांगला राहतो आणि एका पावसाळ्यात उघड्यावर पडला तर आतून सडतो.

आपल्या किनाऱ्यावर ज्येष्ठात पावसाचं तोंड लागण्याआधी जहाजं ओढून घ्यायची, शिडं उतरवायची आणि सगळे दोर काढून कोरड्यात ठेवायचे, याचं कारण वादळ हे तर आहेच, पण हेही आहे. अमात्यांनी आज्ञापत्रात आरमाराच्या पावसाळी छावणीबद्दल बजावून सांगितलं ते उगीच नाही. त्या पावसाळी महिन्यांत तांडेलाचं, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याचं, खरं काम चालायचं. दोर हातभर हातभर पुढे घ्यायचा, पीळ उलटा फिरवून पदर उघडायचे आणि आत बघायचं. बाहेरून दोर कधी खरं सांगत नाही. आत तंतू लांब आणि लवचिक असले तर दोर अजून हंगाम काढील. आत तपकिरी भुकटी दिसली, तंतू चिमटीत तुटला, तर तो उतरवायचा. मधलाच तुकडा गेला असेल तर दोराची उलटापालट करायची, म्हणजे चाकावर येणारा भाग आता दुसरीकडे जाईल. टोक गेलं असेल तर तेवढं कापून पदर गुंफून सांधा करायचा. गाठ मारायची नाही. गाठीपाशी दोर अर्धाच उरतो, आणि ती चाकातून जातही नाही. माझ्या दुकानात देवगडचा एक म्हातारा नाखवा यायचा. मी मीटर धरून बसायचो आणि तो दोन्ही हात पसरून वावावर मोजायचा. दोर घेण्याआधी तो पीळ उकलून आत नाक घालायचा. कुजलेला काथ्या आधी वासाला कळतो, असं तो म्हणायचा, आणि ते अगदी खरं आहे.

श्रावणात नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा आणि जहाज पुन्हा लोटायचं, तेव्हा त्याच्यावर नवे दोर चढलेले असले पाहिजेत. म्हणजे पैसा पावसाळ्यात हवा. आणि पावसाळ्यात बंदरावर उत्पन्न शून्य. जकात नाही, दस्तकाचे, म्हणजे समुद्रावरच्या परवान्याचे, पैसे नाहीत, काही नाही. अमात्यांच्या सल्ल्याचं मर्म मला इथं सापडतं. बंदराच्या मिळकतीवर आरमार सोडलं तर ज्या महिन्यांत दोराला पैसे लागतात नेमके त्याच महिन्यांत पेटी रिकामी. मग दोर उधारीवर घ्यायचा, आणि उधारी फेडायची ती पुढच्या हंगामात समुद्रावर जो सापडेल त्याच्याकडून.

आता पलीकडच्या बाजूला काय होतं ते बघा. इंग्लंडात चॅटमच्या गोदीत 1618 पासून सरकारी दोर वळला जातो आणि आजही तिथं दोर वळतात. 1790च्या सुमारास उभी राहिलेली तिथली इमारत जवळजवळ साडेतीनशे मीटर लांब आहे. दोर सरळ रेषेत वळायचा तर जागा लांब लागते. आरमारी दोरात एक रंगीत धागा वळलेला असायचा, म्हणजे चोरलेला दोर कुठंही ओळखू यावा. त्याच चॅटमच्या गोदीतून 1765 मध्ये व्हिक्टरी हे जहाज पाण्यात उतरलं. त्याच्यावर सुमारे बेचाळीस किलोमीटर दोर. हा सगळा खर्च पार्लमेंटनं मंजूर केलेला, लढाई होवो न होवो. मुंबईतही दोर वळण्याची जागा होती. काळा घोड्याजवळची रोप वॉक लेन अजून ते नाव बाळगून आहे.

आणि त्याच 1765 साली मुंबईच्या इंग्रजांनी मालवण घेतलं. सिंधुदुर्गाचं नाव बदलून फोर्ट ऑगस्टस ठेवलं. त्याआधी नऊ वर्षं, 1756च्या फेब्रुवारीत, विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं होतं. इंग्रजांचा एक गोळा एका जहाजावर पडला आणि जवळजवळ बांधलेल्या जहाजांवर आग एकावरून दुसऱ्यावर गेली. सुती शिडं, राळ, तेल, कोरडा काथ्या. पेटायला वेळ तो काय लागणार. पेशवे त्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूनं होते, हे मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा पुस्तक खाली ठेवावं लागतं. विजयदुर्गानंतर त्या पट्ट्यात मराठी शीड म्हणून जे उरलं त्यात करवीरचं मालवण होतं, आणि त्याच्यावर पाळी येणार हे उघड होतं.

तेव्हा करवीरचा कारभार जिजाबाई राणीसाहेब पाहत होत्या. धाकट्या शिवाजी महाराजांना 1762 मध्ये दत्तक घेऊन त्यांनी राज्य सांभाळलं. 1766 मध्ये तह करून, पैसे भरून त्यांनी मालवण परत मिळवलं. या बाईंबद्दल मला फार आदर वाटतो. चहूबाजूंनी ओढाताण चाललेली असताना त्यांना समुद्र सोडावासा वाटला नाही. पण किल्ला विकत परत घेता येतो. दरसालचा खर्च पुन्हा उभा करायला मुलूख स्वस्थ लागतो, आणि करवीरचा मुलूख पुढं कधी स्वस्थ झाला नाही. पटवर्धनांशी लढाया, वाडीकर सावंतांशी लढाया, निपाणकरांशी लढाया. अशा वेळी मुलखाची नेमणूक आधी घोडदळाकडे वळते आणि आरमाराला सांगितलं जातं की तुमचं तुम्ही भागवा. अमात्यांनी जे करू नका म्हटलं होतं ते होत गेलं, असं माझं अनुमान. इंग्रजांच्या कागदांत मालवणचे चाचे असा उल्लेख येतो. त्यांच्या सोयीचा शब्द आहे हे मान्य; आपल्या समुद्रात दस्तक मागणं हा करवीरचा हक्क होता आणि इंग्रज तो हक्क मानायला तयार नव्हते. तरीही 1792च्या तहात व्यापाऱ्यांना भरपाई द्यावी लागली आणि मालवण व कोल्हापूर इथं इंग्रजांना वखारीची परवानगी द्यावी लागली. 1 ऑक्टोबर 1812च्या तहानं मालवणच गेलं, आणि करवीरच्या बंदरातून हत्यारबंद जहाज बाहेर पडणार नाही असंही लिहून द्यावं लागलं. तारीख बघा. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, हंगाम सुरू झाला होता. त्या वर्षी चढवलेले दोर कुणाच्या कामी आले असतील, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

समुद्र गेला, दोर राहिला. कोल्हापुरात तो विहिरीवर होता. आमच्या दुकानाचा पाया मोटेवर घातला गेला. मोटेला दोन दोर: एक जाड नाडा, जो चामड्याची भरलेली मोट चाकावरून वर आणतो, आणि दुसरा बारीक सोंदूर, जो मोटेची सोंड खालच्या कण्यावरून ओढून धरतो आणि थारोळ्यात पाणी सोडतो. बैल धावेवरून खाली जाताना मोटकरी नाड्यावरच बसायचा. नाडा तुटला तर मोट विहिरीत, बैल धावेवर कोसळलेले आणि माणूस त्यांच्यात. नाड्याची झीज कुठं होते? चाकावर येणाऱ्या हातभर भागात. आजोबा सांगायचे ते आणि देवगडचा नाखवा सांगायचा ते यात कणभर फरक नव्हता: पीळ उकल, आत बघ, उलटापालट कर, गाठ मारू नको.

नाडा काथ्याचा नसे. विहिरीचं पाणी गोडं, म्हणून घायपात, अंबाडी, ताग. घायपाताची पानं पाण्यात कुजवून, ठेचून, धुऊन पांढरे वाख काढायचे आणि माळावर दोर वळायचा. हे काम मातंग समाजाचं. घायपात कुजवलेल्या पाण्याचा वास आणि हातांना सुटणारी खाज ज्यानं अनुभवली नाही त्यानं या कामाला हलकं म्हणू नये. नाडा, सोंदूर, कासरा, दावं, वेसण, शिंकं, सगळं त्यांच्या हातचं. बलुत्यात त्यांना सुगीला धान्य मिळे, आणि त्याबदल्यात वर्षभर गावाचे दोर पुरवायचे. बेंदराला बैलांना नवे दोर त्यांनीच आणून द्यायचे. आमच्याकडे ज्येष्ठात कर्नाटकी बेंदूर आणि आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर; घाटाखाली जहाजांचे दोर उतरवून तपासले जायचे, त्याच दिवसांत घाटावर बैलांचे बदलले जायचे.

बलुतं म्हणजे अमात्यांना हवी तशी बांधील नेमणूकच, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. दोराचा खर्च गावानं उचलला नाही, तो मातंगाच्या अंगावर टाकला. दोर कितीही झिजो, धान्य तेवढंच, आणि तेही खळ्यावर शेवटी उभं राहून मागायचं. राजर्षी शाहू महाराजांनी 1918 मध्ये बलुतेदारी बंद केली, कोणतीही जात कोणताही धंदा करू शकते असं ठरवलं, तेव्हा दोराला पहिल्यांदा मोल आलं. आजोबा मातंग कुटुंबांकडून दोर रोखीनं घेऊ लागले आणि लक्ष्मीपुरीत विकू लागले. आमचं घर त्या हातांवर उभं राहिलं. दुकानाच्या पाटीवर आमचं आडनाव आहे, त्यांचं नाही, आणि ही गोष्ट या इतिहासात लिहिलीच पाहिजे.

ऑइल इंजिन आलं, मग विजेची मोटर आली, मोटा अडगळीत गेल्या. नायलॉन आला. आता दुकानात घायपाताचा दोर एखाद्या देवस्थानाच्या किंवा हौशी बैलगाडीवाल्याच्या मागणीपुरता. नायलॉन पाण्यानं सडत नाही, पण उन्हानं मरतो. वरून पांढरी पूड निघायला लागली की तो गेला. 2019च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा-कृष्णेला महापूर आला, शिरोळ तालुक्यात माणसं काढायला नौदलाच्या तुकड्या आल्या. तेव्हा गावोगावची पोरं दुकानात येऊन दोर नेत होती. कित्येकांनी घरातला जुना दोर आणून दाखवला, हा चालेल का म्हणून. मी प्रत्येकाचा पीळ उकलून बघितला. जे चालणारे नव्हते ते ठेवून घेतले आणि नवे दिले, पैशांचं नंतर बघू म्हणून.

2025च्या मे महिन्यात कारवारला आयएनएसव्ही कौंडिण्य हे जहाज नौदलात दाखल झालं. अजिंठ्याच्या भिंतीवरच्या पाचव्या शतकातल्या जहाजाच्या चित्रावरून ते बांधलं. गोव्यात बांधलं, केरळच्या कारागिरांनी फळ्या काथ्याच्या दोरानं शिवल्या. खिळा मारलेला नाही. पैसा सांस्कृतिक मंत्रालयानं दिला. फोटो बघून मला भरून आलं. आपल्या डोंगरातलं चित्र, आपल्या किनाऱ्यावरचा काथ्या आणि त्याच्यावर चौकोनी शिडं. अशा जहाजाच्या बांधणीला पैसा मिळतो, हे चांगलंच आहे. पण त्याची शिवण आणि त्याचे दोर दरवर्षी उघडून बघावे लागतील, दर काही हंगामांनी बदलावे लागतील, आणि तो काथ्या वळणाऱ्या, ती शिवण जाणणाऱ्या माणसांना त्या-त्या वर्षी काम द्यावं लागेल. मंत्रालयाच्या अंदाजपत्रकात त्याच्या दोरासाठी दरसालची वेगळी ओळ असावी, आणि ती रक्कम पावसाळ्याच्या आधी हातात पडावी.